निंबाखालचे पेव्हर ब्लॉक

चोपड्याच्या आमच्या घरासमोरचा निंब तोडायचं घरात ठरत आलंय. कारण काय, तर कचरा. शिमग्याच्या सुमारास पानगळ, पावसाच्या तोंडावर निंबोळ्यांचा चिकचिकाट. वर भाऊ म्हणतो, "सावलीत काही उगवत नाही, जागा वाया जाते." निंब गेला की पेव्हर ब्लॉक बसवायचे आणि गाडी लावायची. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो त्या खान्देशात दारची सावली काढून सिमेंट तापवायचं! डोकंच उठतं.

सावलीत उगवत नाही हे मला सांगू नका. मी राहतो त्या अमेरिकेतल्या रॅलेला आमच्या मागच्या अंगणात जुने लॉबलॉली पाइन आहेत, सुयांसारख्या पानांची उंच झाडं. थोडा पाऊस शेंड्यांतच अडतो, माती कोरडी ठक्क. खुरपं घातलं की चार बोटांवर मूळ लागतं. ते तोडायचं नाही. दोन मुळांमधली जागा बोटांनी चाचपायची आणि तिथे मावेल एवढंच लहान रोप लावायचं. मोठं रोप आणलं की खड्डा मोठा, आणि मुळं गेलीच. वर मातीचा थर चढवून वाफाही करायचा नाही, मुळांचा श्वास कोंडतो. ख्रिसमस फर्न हा नेचा इथलाच, बारमाही हिरवा. अझेलियाचं झुडूप एप्रिलमध्ये फुलतं. रुंद पानांचा होस्टाही सावलीत येतो, पण तो हरणांना आवडतो, म्हणून लावत नाही. खालच्या फांद्या काढल्या की उजेड आत येतो. शेजारी मात्र दर ऑक्टोबरला लॉनचं बी टाकतो आणि जुलैत टक्कल बघत बसतो.

कचऱ्याचं म्हणाल तर सुया ढिगाने गळतात. त्या रोपांभोवती पसरतो. ओल टिकते, तण दबतं. त्यांनी माती आंबट होते म्हणतात, पण वाळलेल्या सुयांनी फारसा फरक पडत नाही. इथे याच सुयांचे गठ्ठे लोक पैसे मोजून नेतात. आणि आमचा भाऊ? केळीची वाळली पानं मळ्यात आच्छादन म्हणून स्वतः अंथरतो, दारातली निंबाची पानं मात्र पेटवतो.

इथेही वादळाच्या भीतीने पाइन पाडतात, पण ते वेगळं.

शिवाय कायदा आहे. महाराष्ट्रात शहरी भागातली झाडं जपण्यासाठी 1975 चा अधिनियम, त्यात 2021 ला दुरुस्ती झाली: पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज, म्हणजे वारसा वृक्ष. आमचा निंब आजोबांनी लावलेला, त्या हिशोबात सहज बसतो. हे मी घरच्या ग्रुपवर टाकलं. वहिनींनी एका ओळीत उत्तर दिलं, "भाऊजी, झाडायला तुम्ही येता का?"

याला माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या मागच्या अंगणात पापड वाळत नाहीत, बाज टाकून कुणी बसत नाही, पाहुण्याचा पाय पडत नाही. तिथे सुया पडून राहिल्या तर कुणाला त्रास? चोपड्यात रोज सकाळी केरसुणी वहिनींच्या हातात असते. आणि खरं बोलायचं तर निंबासाठी मी एवढा भांडतो त्यात निंब किती आणि त्या घरात अजून माझं चालतं हे दाखवायची हौस किती, ते मला सांगता येणार नाही.

घराच्या उताऱ्यावर माझंही नाव आहे, म्हणून नगरपरिषदेच्या अर्जावर सही मागितलीय. ती मी करणार नाही. रोजच्या झाडलोटीला बाई लावा, पगार मी पाठवतो, असं कळवलंय. वहिनींनी अजून मेसेज उघडलेला नाही.