आडोसा

रस्त्यावरची सायकल शर्यत हा मुळात कामचुकारांचा खेळ आहे, आणि हे मी पतसंस्थेत उभं आयुष्य काढलेला माणूस म्हणून पूर्ण जबाबदारीनं सांगतो. टीव्हीवर फ्रान्सची ती मोठी शर्यत बघताना लोक हळहळतात, काय ती मेहनत, काय तो घाम! घाम असतो, नाही असं नाही. पण तो कुणाचा, ते बघावं. सपाट रस्त्यावर ताशी चाळीसनं जाणाऱ्याची बहुतेक सगळी ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो आणि लागणारी ताकद आठपट. ही सगळी हमाली पुढच्यानं करायची. मागच्यानं त्याच्या चाकापासून वीतभर अंतरावर आपलं चाक ठेवायचं आणि चेहऱ्यावर कष्ट दाखवत पाय हलवायचे. तीसेक टक्के मेहनत वाचते. २०१८ साली नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या विद्यापीठात बर्ट ब्लॉकेन या प्राध्यापकांनी १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास केला. घोळक्याच्या पोटात मागच्या अंगाला असलेल्या माणसाला, एकट्यानं चालवणाऱ्याच्या मानानं, हवेचा जेमतेम ५ ते १० टक्के विरोध होतो असं निघालं. एवढं कळायला त्यांना हवेचा बोगदा, म्हणजे आत वारा सोडून त्याचा विरोध मोजायची बंदिस्त जागा, लागला. (बोगदा आमच्या साताऱ्यातही आहे, पण त्यातनं लोक सज्जनगडाला जातात.) आमच्या मुख्य कचेरीतल्या मधल्या रांगेत येऊन कुणालाही विचारलं असतं, तर हाच आकडा चहाच्या पैशात मिळाला असता.

तेव्हा साखर काठावर आली आणि डॉक्टरांनी "काहीतरी करा" म्हटलं, तेव्हा मी पोहणं, पळणं, योगासनं ही सरळमार्गी माणसांची कामं सोडून हा खेळ निवडला. पुढच्याच्या पाठीमागं राहून महिना काढायचा मला दांडगा सराव. तोच आता सायकलवर करायचा, एवढंच.

अडचण अशी की शर्यतीआधी तयारी करावी लागते आणि तयारीला आधी एकट्यानं घाट चढावा लागतो. घाटात सगळा हिशेबच बदलतो. वेग ताशी दहावर येतो, हवेचा प्रश्न मिटतो आणि उरतं ते फक्त तुमचं वजन. तिथं दुसऱ्याच्या मागं लपून काही हाती लागत नाही. साताऱ्यात घाट म्हणजे यवतेश्वरचा. समर्थ मंदिरापासून वर वळलं की रस्ता चढायला लागतो तो थांबतच नाही. खाली शहर, पलीकडं अजिंक्यतारा, सगळं देखणं असतं म्हणतात. मी पुढच्या चाकापलीकडं काही बघितलेलं नाही.

त्यातून ऑगस्ट ते ऑक्टोबर तिकडं फिरकायची सोय नसते. कासचं पठार २०१२ साली जागतिक वारशात गेलं, आणि तेव्हापासून फुलांच्या दिवसांत अर्धं पुणे घाटात असतं. तोंडाला फेस आलेला असताना शेजारी काच खाली होते आणि आतल्या थंडगार हवेतून आवाज येतो, "काका, फुलं अजून किती लांब?" साताऱ्यापासून कास २५ किलोमीटर. त्यातले किती झाले ते वजा करून सांगण्याइतकं रक्त त्या वेळी डोक्यात नसतं. मी नुसतं वर बोट करतो. तेवढ्यानं त्यांचं समाधान होतं.

कपड्यांचं थोडक्यात सांगतो. ती घट्ट चड्डी, तिच्या आत बसायच्या जागी शिवलेली गादी, आणि हा सगळा ऐवज घेऊन पहाटे जिना उतरणारा मी. आबांनी खुर्चीतनं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "वरनं एखादं धोतर तरी गुंडाळ." ते स्वतः तरुणपणी कोरेगावहून लोखंडी सायकलवर डबा लावून साताऱ्याला नोकरीला यायचे, पावसाळा धरून. त्याला तेव्हा ट्रेनिंग म्हणत नसत.

आता परीक्षेचं. या खेळात एफटीपी नावाची एक टेस्ट असते. वीस मिनिटं जीव तोडून चालवायची, सरासरी वॅट काढायचे, त्यातून पाच टक्के वजा करायचे. उरतील तेवढे वॅट तुम्ही तासभर टिकवाल असं धरतात. मग त्याला वजनानं भागायचं. जगातले वरचे व्यावसायिक किलोमागं सहा वॅटच्या आसपास जातात. माझा आकडा मी सांगत नाही. ताळेबंदातही काही गोष्टी आम्ही तळटिपेत घालतो.

वीस मिनिटं ब्रेकला हात न लावता चालवायची म्हणजे पुन्हा यवतेश्वरच. दिवाळीनंतरची सकाळ होती, घाट मोकळा होता, माझी टेस्ट निम्म्यावर आली होती. मागनं रिकाम्या किटल्या वाजवत एक मोटरसायकल आली आणि माझ्याबरोबरीनं चालायला लागली. पेट्रीकडचा दूधवाला. आमच्या संस्थेचं दोन म्हशींचं कर्ज आहे त्याच्याकडं.

"सायेब! सायेबच न्हवं?"

मी मान हलवली.

"आन् सायकलवर?"

टेस्टच्या त्या टप्प्यावर माणसाच्या तोंडून एका वेळी एक अक्षर निघतं. मला "व्यायाम" म्हणायचं होतं. "व्या..." एवढं बाहेर आलं.

"व्याज? व्याज भरलंय की सायेब, गेल्याच म्हैन्यात! पावती हाय घरी."

मी जोरात मान हलवून नाही नाही म्हटलं. तो आणखी घाबरला. "न्हाई कसं? म्याडमच्या हातात दिलेत पैसं." मग जरा वेळ गप्प बसून त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. घाम, लाळ, ती चड्डी. आवाज खाली आणून म्हणाला, "चारचाकी कुठाय सायेब?" मी मान हलवली, म्हणजे मला म्हणायचं होतं की आता बोलता येत नाही. त्यानं आपल्या परीनं अर्थ लावला, "असूंद्या, दिस फिरत्यात," म्हणून धीर दिला आणि गिअर टाकून वर निघून गेला.

सोमवारी शाखा उघडायच्या आधी पायरीवर माणसं उभी. संस्थेची गाडी जप्त झाली, साहेब सायकलवर फिरतात आणि दूधवाल्यांना अडवून व्याज मागतात, अशी बातमी घाट उतरून बाजारपेठेत पोचली होती. एक निवृत्त गुरुजी पिशवीतून ठेवीच्या पावत्या काढून अगदी सहज म्हणून विचारत होते, "मुदतीआधी मोडली तर किती कापता हो?" दुपारी चेअरमनसाहेबांचा फोन आला.

"सायकल चालवा, पण लोकांना सांगा ती केवढ्याची आहे ते."

"सव्वा लाखाची आहे साहेब."

पलीकडं बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "नको. मग सांगू नका. त्यानं तर ठेवी आजच जातील."

यावर तोडगा म्हणून मी एकट्यानं फिरणं बंद केलं आणि पोवई नाक्यावर पहाटे जमणाऱ्या पोरांच्या टोळीत शिरलो. घोळक्यातला माणूस कर्जबाजारी वाटत नाही. शिवाय माझा मूळ बेत होता तोच, मागं बसायचा. पोरं म्हणजे सतरा ते बावीस वर्षांची. एक पोलीस भरतीची तयारी करणारा, दोघं इंजिनिअरिंगचे, एक सकाळी पेपर टाकून येणारा. सगळ्यांचं मिळून वजन माझ्या दुप्पट भरेल की नाही शंका आहे. माहुलीचा पूल ओलांडून कोरेगावच्या रस्त्याला लागलं की एकामागं एक ओळ लावायची. पुढच्यानं मिनिटभर वारा खायचा, मग बाजूला होऊन शेपटाला जायचं, की दुसरा पुढं. सहकाराचं तत्त्वच ते, आणि सहकारात आपली पाळी कशी टाळायची हे मला शिकवायला नको. बुटाचं बक्कल सैल होतं, पाण्याची बाटली पडते, साखळी आवाज करते.

पण निसर्गानं माझी सगळी विद्या फुकट घालवली. मी सहा फूट, आणि माझ्या खांद्यांना बसेल अशी जर्सी साताऱ्यात मिळत नाही. त्या पेपरवाल्या पोराच्या मागं मी बसलो, तर माझा एक खांदा कसाबसा आडोशाला येई आणि दुसरा उघड्या वाऱ्यात. दोन पोरं शेजारी शेजारी चालली असती तर मी झाकलो असतो, पण रस्त्यावर तसं चालवायचं नसतं, आणि वाहतुकीचे नियम पाळायला हे लोक भलते पक्के.

आणि मग एकदा टाळता टाळता पाळी माझ्यावर आलीच. मी पुढं झालो. मागं पहिल्यांदा शांतता पसरली. मग कुणीतरी शीळ घातली. मग गप्पा सुरू झाल्या, भरतीची तारीख, कुणाच्या तरी मामाचं लग्न. त्या वाऱ्यात आजपर्यंत कुणाला बोलायला सुचलं नव्हतं. मी बाजूला व्हायला लागलो तर मागनं आर्जव आलं, "काका, राहू द्या की अजून जरा. लई भारी वाटतंय." त्यातला इंजिनिअरिंगवाला जास्त शिकलेला. तो म्हणाला, "काका, शास्त्र आहे. मागं कुणी असलं की पुढच्याचाही वाऱ्याचा त्रास दोनेक टक्क्यांनी कमी होतो. तुमचा पण फायदाच आहे." मी नंतर बघितलं, खरं आहे. त्यांना तीस, मला दोन. आमच्या संस्थेत लाभांशाचं वाटप यापेक्षा बरं होतं.

शर्यत जानेवारीत झाली. सातारा ते कोरेगाव, तिथनं रहिमतपूर आणि परत. सुरुवात सहाची होती, त्यामुळं पाहुणे आठला आले. तोवर आम्ही केलेला वॉर्म-अप थंडीनं पार धुऊन काढला होता. मग शाल, श्रीफळ, आणि सायकलीमुळं इंधन कसं वाचतं यावर भाषण. पाहुण्यांच्या मागं त्यांच्या चार गाड्या इंजिनं चालू ठेवून उभ्या होत्या. झेंडा पडला तेव्हा माझे पाय माझे राहिले नव्हते.

त्रिपुटीच्या खिंडीत अपेक्षेप्रमाणं मी मागं पडलो. उतारावर अपेक्षेप्रमाणं परत गाठलं. वजनाचा तेवढा एक उपकार. खिंड उतरून सपाटीला लागतो तर समोरून वारा असा सुटला की मंडपाच्या कमानी हलत होत्या. माझ्या आजूबाजूला बघता बघता माणसं जमली. आमची पोरं होतीच, पण कऱ्हाडची दोघं, फलटणचा एक, आणखी दोन-तीन अनोळखी टोप्या. सगळे कसे नम्रपणे माझ्या मागं. मी वेग कमी केला, त्यांनी कमी केला. मी डाव्या कडेला गेलो, ओळही डाव्या कडेला. मी बाटली पाडली. एकानं उचलून आणून दिली.

रहिमतपूरच्या अलीकडं देव भेटावा तशी उसाची ट्रॉली भेटली. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्ही गळ्यापर्यंत भरलेल्या, वर मोठ्यानं गाणी. एवढा भरभक्कम आडोसा मला जन्मात मिळाला नव्हता. मी मागं जाऊन बसलो. वारा बंद. उन्हाची ऊब, उसाचा वास, दोन्ही खांदे झाकलेले. तेवढ्यात पंचांची मोटरसायकल शिट्टी मारत आली. शर्यतीत गाडीच्या आडोशाला चालवणं नियमात बसत नाही, बाहेर काढीन म्हणाले. ट्रॅक्टरवाल्यानं मागं वळून बघितलं आणि त्यांना म्हणाला, "ऱ्हाऊंद्या की! हितं काय भाडं घ्यायचंय?" पंचांना माणुसकी नव्हती.

परतीच्या वाटेचं सांगण्यासारखं काही नाही. वारा वळला होता, तोही आमच्यावरच. शेवटच्या दोनशे मीटरला माझ्या दोन्ही अंगांनी पोरं सुटली, ताजीतवानी, झोपून उठल्यासारखी. पेपरवाला आमच्या घोळक्यातून पहिला आला आणि तिसऱ्या क्रमांकाचं बक्षीस घेऊन गेला. माइक हातात दिल्यावर त्यानं आईवडिलांचे आभार मानले आणि मग माझे. लोकांना वाटलं मी कोच आहे. मी तसंच वाटू दिलं.

संध्याकाळी टोळी घरी आली, अर्धा किलो कंदी पेढे घेऊन. माझ्या घरात साखर काठावर आल्यापासून पेढा हा शब्द मोठ्यानं काढायची बंदी आहे. हिनं बॉक्स आधी ताब्यात घेतला. पोलीस भरतीवाला धीट, तो म्हणाला, "काकू, द्या त्यांना. आणि ते काकांचं वजन कमी करायचं मनावर घेऊ नका, निदान पुढची शर्यत होईस्तोवर तरी. सपाटीला आमचे वांधे होतील."

हिनं माझ्याकडं बघितलं, पोरांकडं बघितलं. सगळी भिंतीला टेकून बसली होती आणि भिंत बरीचशी दिसतच होती.

"म्हणजे ह्यांना कुणाच्या मागं बसता येत नाही, कारण तुम्ही सगळे काटकुळे."

"हो काकू."

"मग तुम्हीच खा," म्हणाली आणि बॉक्स पोरांपुढं सरकवला.

आबा खुर्चीतनं हसले. मी उठलो, स्वतःच्या हातानं दूध गरम करून आणलं, आणि त्या पेपरवाल्याला तिसरा पेढा नको नको म्हणत असताना आग्रहानं भरवला.