मागचा टॉवर, एक भोक आत

रिमोटवरची बग्गी वळणावर उलटली की मैदानावर जेवढी माणसं उभी असतात तेवढे सस्पेन्शनतज्ज्ञ एकदम तयार होतात. ती बिचारी धुळीत चाकं वर करून भणभणत पडलेली असते. तिला सरळ करायला जाणारा एखादाच. बाकीचे चहाचे कप सांभाळत, डोळे बारीक करून निदान सांगतात, "मागून सुटतेय. मागचा टॉवर एक भोक आत घे." हे वाक्य मी इतक्या जणांकडून, इतक्या वेगवेगळ्या दुखण्यांवर ऐकलंय, की आता सकाळी स्कूटर चालू झाली नाही तरी आधी तेच मनात येतं.

रिमोटवरच्या गाड्यांशी ज्यांचा संबंध आलेला नाही त्यांना एक सांगून ठेवतो: हिला खेळणं म्हणायचं नाही. आमच्या घरी म्हणतात, पण निदान माझ्यासमोर नाही. खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश मापाची ही बग्गी अर्धा मीटर लांब, साडेतीन किलोच्या आसपास वजनाची, ताशी 60 किलोमीटर सहज पळणारी आणि मातीच्या उंचवट्यावरून माणसाच्या कमरेएवढी उडणारी असते. उडते म्हणजे पडतेही. त्या पडण्याचं काय करायचं ते चार चाकांचे चार शॉक बघतात. बोटभर जाडीची नळकांडी, आत तेल, तेलात भोकं पाडलेला पिस्टन आणि बाहेरून गुंडाळलेली स्प्रिंग. किमतीचा विषय इथं नको. हा लेख घरातही वाचला जाईल.

आता या गाडीवर काय काय फिरवता येतं ते ऐका. स्प्रिंग कडक किंवा मऊ. तेल घट्ट किंवा पातळ. पिस्टनची भोकं लहान किंवा मोठी. शॉकचं वरचं टोक टॉवरच्या, म्हणजे शॉक टांगायच्या उभ्या पट्टीच्या, कुठल्या भोकात, खालचं टोक आर्मच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याच्या, कुठल्या भोकात. गाडी जमिनीपासून किती मिलिमीटर वर, म्हणजे राइड हाइट. चाक खाली किती लोंबू द्यायचं, म्हणजे ड्रूप. चाकाचा माथा आत किती कलवायचा तो कॅम्बर, चाकाचं नाक आत किती वळवायचं तो टो. शिवाय गाडी वळणात कलू नये म्हणून लावलेल्या अँटी-रोल बारच्या तारेची जाडी, आणि पुढच्या, मधल्या, मागच्या डिफमधली, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डबीतली, आणखी वेगळी तेलं. अशा फक्त दहा गोष्टी धरा आणि प्रत्येकीला चारच पर्याय धरा. एका खोक्यात 10,48,576 गाड्या होतात. प्रत्येकीला अर्ध्या मिनिटाची एकच फेरी मारू दिली तर न जेवता, न झोपता 364 दिवस लागतात. वर्षातला उरलेला एक दिवस बायकोला. यात बॅटरी बदलायचा वेळ धरलेला नाही, पण तोही तिच्याच दिवसातून जाईल.

पूर्वी असं नव्हतं. 1984 साली जपानच्या तामिया कंपनीने ग्रासहॉपर नावाची बग्गी काढली. तिच्या शॉकमध्ये तेलाचा थेंबही नव्हता. नुसत्या स्प्रिंगा. ती टुणूक टुणूक उड्या मारत जायची आणि पोरं टाळ्या पिटायची, कारण उडी मारायची म्हणूनच तर ती घेतलेली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या टीम असोसिएटेडने आरसी-टेन आणली: ॲल्युमिनियमची सोनेरी चासी आणि चारही कोपऱ्यांना तेल भरलेले शॉक. पुढच्याच वर्षी, 1985 मध्ये, कॅलिफोर्नियातल्याच डेल मारला एक दशांश मापाच्या ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि टू-व्हील ड्राइव्हचा किताब आरसी-टेनने नेला. टाळ्या पिटायचं युग तिथं संपलं. तेव्हापासून जगभरची मोठी माणसं शनिवारी रात्री तेल ओतत बसलेली आहेत.

तेल ओतायची जागा आमच्याकडे जेवणाचं टेबल. पेपर पसरायचा, चारही शॉक उघडायचे, जुनं तेल काढायचं, नवं काठोकाठ भरायचं आणि मग दांडा हलक्या हाताने वरखाली करून आतली हवा बाहेर काढायची. बुडबुडे येतात. येऊन संपले असं वाटतं, तेव्हा आणखी एक येतो. घाई केली तर एका शॉकमध्ये हवा राहते, मग तो दाबल्यावर चूक चूक आवाज करतो आणि त्या कोपऱ्यात गाडी शेवटपर्यंत वेगळी वागते. त्यात पिस्टन अडकवायची एक ई-क्लिप असते, हरभऱ्याच्या डाळीपेक्षा लहान. ती पक्कडीतून सुटली की फ्रिजखालीच जाते. टेबलाच्या कुठल्याही बाजूला बसलात तरी.

तेलाचा घट्टपणा सेंटिस्टोक्समध्ये मोजतात. पाणी साधारण 1, माझ्या पुढच्या शॉकमधलं तेल 500. काही कंपन्या मात्र 30, 40 असे वेटचे आकडे छापतात आणि एकीचं 40 दुसरीच्या 40 शी जुळेलच असं नाही. उकाड्यात तेल पातळ होतं, थंडीत घट्ट. म्हणजे पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी सुतासारखी चाललेली गाडी एप्रिलच्या दुपारी सोफ्यासारखी डुलते. हे सगळं मी आईला एकदा सविस्तर समजावून सांगितलं, कारण तिने टेबलावरच्या डागाबद्दल विचारलं होतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग खोबरेल घाल की. थंडीत आपोआप घट्ट होतं, पैसेही वाचतील." मी तिला सिलिकॉन तेलाचं महत्त्व सांगितलं, की त्याचा घट्टपणा हवामानाने इतर तेलांपेक्षा कमी बदलतो, म्हणून तर ते वापरायचं. ती म्हणाली, "कमी बदलतं ना? मग तू दर शनिवारी का बदलतोस?"

या प्रश्नाला सेटअप शीटवर, म्हणजे गाडीचे सगळे आकडे भरायच्या कागदावर, रकाना नाही.

शॉक भरून झाले की ड्रॉप टेस्ट. गाडी फूटभर वर धरायची, सपाट सोडायची आणि बघायचं. चासी जमिनीला जेमतेम टेकली पाहिजे आणि गाडी एका दमात आपल्या उंचीला येऊन थांबली पाहिजे. पुन्हा उसळली तर तेल पातळ, मेल्यासारखी सावकाश उठली तर घट्ट. ही चाचणी एकदा करून भागत नाही, आणि तेल भरेपर्यंत रात्रीचे अकरा वाजलेले असतात. खालच्या मजल्यावरचे काका पहिल्यांदा वर आले तेव्हा दार उघडताच म्हणाले, "अहो, काही पडलंय का?" दुसऱ्यांदा आले तेव्हा, "अजून पडतंय का?" तिसऱ्यांदा मात्र गुडघ्यावर बसून, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी स्वतः गाडी सोडून पाहिली आणि म्हणाले, "उजवी मागची बाजू उशिरा उठते हो." पाहिलं तर खरंच उशिरा उठत होती. बुडबुडा.

सेटअप शीट म्हणजे या गाडीची पत्रिकाच. एका कागदावर गाडीचं चित्र, भोवती चौकटी, चौकटींत आकडे. आणि विजेत्याच्या पत्रिकेतले ग्रह आपल्या गाडीत बसवले की आपलंही भलं होईल अशी श्रद्धा. मी एका जगज्जेत्या ड्रायव्हरची शीट मिळवून गाडी तंतोतंत तशी बसवली. वॉशर न् वॉशर. त्या शीटवर मैदानाचाही रकाना होता आणि त्यात लिहिलं होतं, ब्लू ग्रूव्ह. म्हणजे कडक चिकणमातीचा ट्रॅक, ज्यावर टायरचं रबर घासून घासून निळसर काळी, गुळगुळीत वाट तयार झालेली असते. आमचं मैदान शहराबाहेर, एका अर्धवट राहिलेल्या प्लॉटिंगमध्ये. वर मुरूम, मुरमाखाली खडी, खडीखाली काळी माती. काळी माती पावसाळ्यात वर येते आणि खडी उन्हाळ्यात. टायरचं रबर तिथंही घासलं जातं, पण वाऱ्यावर शेजारच्या ज्वारीत जातं. दुपारी चारच्या सुमाराला ट्रॅकवरून म्हशी घरी जातात आणि त्यांच्या खुरांनी पडलेले खळगे कुठल्याही जगज्जेत्याच्या शीटमध्ये धरलेले नाहीत. पहिल्या खळग्यात गाडीने कोलांटी घेतली.

तिथून पुढे जे सुरू झालं ते या छंदातलं नेहमीचंच आहे. गाडीचं नाक वळणात बाहेर सरकत होतं, म्हणून पुढची स्प्रिंग मऊ केली. नाक सरकायचं थांबलं, पण ब्रेक लावला की गाडी नाक खुपसायला लागली. म्हणून पुढचं तेल घट्ट केलं. नाक खुपसणं थांबलं, पण म्हशींच्या खळग्यांवरून गाडी थडथडत उडू लागली. घट्ट तेल, लहान भोकं आणि अचानक बसलेला दणका, तिन्ही एकत्र आले की तेलाला पिस्टनमधून जायला फुरसत मिळत नाही, शॉक जागच्या जागी दगड होतो. याला पॅक होणं म्हणतात. म्हणून मोठ्या भोकांचे पिस्टन घातले. खळगे गिळले, पण उडीनंतर चासी खाडकन जमिनीवर आपटू लागली. म्हणून स्प्रिंग कडक केली. मग वळणात नाक बाहेर सरकायला लागलं.

प्रत्येक बदलानंतर कठड्याला टेकलेली मंडळी एकमुखाने म्हणत होती, "आता बघा! फरक पडला!" लॅपचं घड्याळ म्हणत होतं, पडला नाही. पण मैदानावर घड्याळाला फारसं कोणी विचारत नाही. ते तज्ज्ञ नाही.

मध्यंतरी एका शॉकचं सील गेलं म्हणून मी तो कोपऱ्यावरच्या दुचाकीच्या गॅरेजात नेला. तिथल्या फिटरदादाने तो तळहातावर ठेवून दोनदा दाबला, कानाशी नेला आणि विचारलं, "साहेब, कुठल्या गाडीचा शॉकअप?" मी गाडी दाखवली. दहा मिनिटं तो तिच्याखाली वाकून होता. शेवटी म्हणाला, "हिच्यात सगळंच सेटिंगला ठेवलंय. आपल्याकडं कसं, मागं प्रीलोडला पाच खाचा. बायको बसली की दोन पुढं, सिलिंडर ठेवला की चार. विषय संपला." सील त्याने बसवून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. तेलाच्या बाटल्यांविषयी मी त्याला काही बोललो नाही. चांगला माणूस आहे, उगाच नादाला लागायचा.

आणि मग मे महिन्यात एका रविवारी संध्याकाळी गाडी चालली. म्हणजे खरंच चालली. वळणात आत शिरली, बाहेर पडताना मागचं सुटलं नाही, उडीवरून सपाट उतरली. घड्याळसुद्धा आमच्या बाजूला आलं. त्या दिवशी मी काय बदललं होतं म्हणाल तर काहीच नाही. धुळीने लोक खोकायला लागले म्हणून कोणीतरी साडेचारला पाण्याचा टँकर बोलावला होता. ट्रॅकवर पाणी मारलं गेलं, मुरूम दबला, वर ओलसर पकड आली आणि टायर चिकटले. सगळ्यांच्याच गाड्या त्या संध्याकाळी जरा बऱ्या चालत होत्या. पण नेमक्या त्याच वेळी माझी गाडी सगळ्यांसमोर होती, हा काही माझा दोष नव्हे.

मी गाडी उचलून टेबलावर ठेवली तर भोवती चार-पाच जण गोळा. कोणी स्प्रिंगचा रंग बघतोय, कोणी वाकून टॉवरची भोकं मोजतोय. एक नवा मुलगा होता, कॉलेजातला असावा, पहिल्याच महिन्यात असल्याने हात अजून स्वच्छ. त्याची गाडी वळणावर सारखी उलटत होती. फार अदबीने म्हणाला, "काका, तुमचा सेटअप काय आहे?"

टँकर समोरच उभा होता. त्याच्या नळातून अजून थेंब गळत होते. मी टँकरकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, त्याची गाडी हातात घेतली, मागून एकदा दाबली आणि डोळे बारीक केले.

"मागचा टॉवर," मी म्हणालो, "एक भोक आत घे."

तो धावत जाऊन हेक्स की घेऊन आला. स्क्रू अर्धा काढल्यावर थांबला आणि वर बघून म्हणाला, "काका, पण हा आधीच सगळ्यात आतल्या भोकात आहे."

"मग तेल बदल," मी म्हणालो.