पांढरी पाच

गाणाऱ्याने घसा जपावा, तबलजीने शाई जपावी आणि पेटीवाल्याने कंबर. माझी पेटी डबल रीडची, म्हणजे प्रत्येक स्वराला दोन पितळी पात्या, आणि कपलरवाली, म्हणजे एक पट्टी दाबली की खालच्या सप्तकातलीही दबते. खोक्यासकट 14 किलो. कार्यक्रमाला निघताना बायको दर वेळी विचारते, ‘‘पेटीत पेटी आहे ना?’’ आपल्याकडे वाद्यालाही पेटी म्हणतात आणि ते ठेवायच्या खोक्यालाही पेटीच. एकदा मी नुसतं खोकं घेऊन शहापूरला एका सत्यनारायणाला गेलो होतो. दोन जिने चढलो तरी कंबर दुखली नाही, याचं मला वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत फार कौतुक वाटत होतं.

त्यात मी बेळगावचा. ज्या गावात रामभाऊ विजापुऱ्यांनी आयुष्यभर पेटी वाजवली आणि शिकवली, त्या गावात ‘मी पेटी वाजवतो’ म्हणणं म्हणजे आळंदीला जाऊन ‘मीही थोड्याफार ओव्या लिहितो’ म्हणण्यासारखं आहे. रामभाऊ 2010 साली गेले. मागे त्यांचे शिष्य राहिले, शिष्यांचे शिष्य तयार झाले, आणि या सगळ्यांपेक्षा संख्येने मोठा असा तिसरा वर्ग गावभर पसरला, तो म्हणजे पुतण्यांचा. ‘आमचे काका रामभाऊंच्याकडे जात होते,’ अशी ओळख करून देणारे ते पुतणे. शिष्यांची मला भीती नाही. ते वाजवणारे आहेत, चूक कशी होते हे त्यांना ठाऊक असतं. पुतण्या वाजवत नाही, तो ऐकतो. पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसतो आणि माझ्या बोटांकडे असा बघतो, की काकांनी मृत्युपत्रात ती त्याच्याच नावावर करून ठेवलीत.

हवाच तशी आहे म्हणा. सुळेभावी इथून हाकेच्या अंतरावर, तिथे 1924 साली कुमार गंधर्व जन्मले. तेवढ्यावर त्या रस्त्याने रोज बसने जाणाऱ्यालाही वाटतं की थोडं गाणं आपल्याही अंगाला लागलंय. पुढे धारवाडला मल्लिकार्जुन मन्सूर, हुबळीला गंगूबाई, गदगकडचे भीमसेनजी. उलट्या दिशेला गाडीत बसलात तर मिरज, म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेब आणि भोपळे टांगलेली तंबोऱ्याची दुकानं. अशा पट्ट्यात मधोमध राहायचं आणि काखेत पेटी मारून हिंडायचं, म्हणजे अपमानाची सोय घरूनच नेल्यासारखी.

पेटीचा अपमान तसा जुना आहे. बाई मूळची परदेशातली, पॅरिसला 1842 मध्ये तिचं पेटंट झालं. इकडे आली, मांडी घालून बसायला शिकली, भजनात रमली, नाटकात गेली, तरी ‘ही आपली नव्हे’ हे ऐकून घेणं काही सुटलं नाही. तिला मींड येत नाही, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, दोन स्वरांमधल्या बारीक श्रुती दाखवता येत नाहीत, असं म्हणून 1940 मध्ये आकाशवाणीने तिला दाराबाहेर काढलं ते 1971 पर्यंत. तेव्हाही आत घेतलं ते अर्धवटच. आम्हा सीमाभागातल्या लोकांना हे दुःख समजावून सांगावं लागत नाही. आमचा प्रश्न 1956 पासूनचा, पेटीचा 1940 पासूनचा. तिचा निदान अर्धा तरी सुटला.

श्रुतीवाल्यांचं म्हणणं खोटं आहे असंही नाही. आमचे बुवा (आमच्या भजनी मंडळाचे गायक, वय 68, घसा 25 वर्षांचा असल्याचा त्यांचा स्वतःचा अंदाज) कार्यक्रमाआधी मला सांगतात, ‘‘मास्तर, काळी एक. पण किंचित वर.’’ काळी एक म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी, तिला सा धरायचं. आता माझ्याकडे सप्तकात बारा स्वर आहेत. काळी एक आहे, तिच्या शेजारी पांढरी दोन आहे. या दोघींच्या मधे लाकडाची फट आहे. त्या फटीत ‘किंचित’ राहतो. तो बुवांच्या मोबाइलमधल्या तानपुऱ्याला सापडतो, कारण त्यात बोटाने सूर केसभर वर सरकवता येतो. मला तो सापडायचा म्हणजे पेटी उघडून एकेका रीडचं टोक खरवडत बसावं लागेल. टोकाकडे खरवडलं की सूर चढतो, बुडाकडे खरवडलं की उतरतो. बुवांचा किंचित दर गुरुवारी वेगळा असतो, तेव्हा खरवडून खरवडून वर्षभरात माझ्या पेटीत रीडऐवजी पितळेचा भुगा उरेल. त्यामुळे गेली अकरा वर्षं बुवा किंचित वर आणि मी किंचित खाली असा आमचा संसार चालू आहे. लोकांना वाटतं पेटी बेसूर.

तर गणपतीतली गोष्ट. नववा दिवस, खानापूरकडचं एक गाव. त्या बाजूचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. इतरांनी एवढंच समजावं, की तिकडे लोक पाऊस पडतोय का हे बघायला खिडकी उघडत नाहीत, थांबलाय का हे बघायला उघडतात. आम्ही स्कूटरवरून गेलो. रेनकोट एकच होता, तो पेटीने घातला. मी नुसताच गेलो. मंडपाच्या तोंडाशी मंडळाचा एक पोरगा धावत आला, ‘‘मास्तर, भिजूलायसा की! आत या, आत या,’’ आणि माझ्या हातातली पेटी घेऊन आत पळाला. मी बाहेरच.

पेटी ओली झाली नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगीन. पण नऊ दिवस रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या आरतीला ती बाहेर पडलेली. लाकूड हवेतलं पाणी पितं. पाचव्या दिवसापासून पट्ट्या जड लागायला लागल्या होत्या, सातव्या दिवशी पांढरी पाच दाबली की वर यायला विचार करत होती. म्हातारं माणूस जमिनीवर बसलं की उठताना जसं आधी इकडेतिकडे बघतं, तशी. बायकोने हेअर ड्रायर मारून दिला, मी कडेने पावडर टाकली. चालेल म्हटलं.

साऊंडवाला बैलहोंगलकडचा पोरगा. आदल्या रात्री कुठल्याशा मिरवणुकीत वाजलेले डीजेचे खोके त्याने तसेच इथे आणून लावले होते, त्यामुळे तबलजीने डग्ग्यावर नुसता हात ठेवला तरी पुढच्या बायका पदर सावरायच्या. त्यात एको. खेड्यापाड्यातल्या साऊंडवाल्यांना एको का आवडतो हे मला कळलेलं नाही. बहुधा एकाच पैशात दोन वेळा ऐकू येतं म्हणून असेल. बुवांनी ‘विठ्ठल’ म्हटलं की मंडपाच्या तीन कोपऱ्यांतून तीन विठ्ठल यायचे आणि चौथा शाळेच्या भिंतीवर आपटून परत. मी हाताने खूण केली, कमी कर. त्याने अंगठा दाखवला आणि वाढवला. मग मी माझं सगळं कन्नड गोळा केलं, ‘‘एको स्वल्प कडिमे माडप्पा.’’ तो हसून म्हणाला, ‘‘आयतु, सर.’’ आयतु म्हणजे झालं. काय झालं ते त्याने सांगितलं नाही. एको होता तिथेच होता.

पाऊण तास बरा गेला. एक मराठी अभंग, एक कन्नड दासपद, पुन्हा मराठी, असा आमच्याकडे अलिखित करार असतो. स्वतः भीमसेनजींनी दोन्ही गाऊन ठेवल्यामुळे कोणाला तक्रारीला जागा नाही. शेवटाकडे बुवांनी भूप काढला. भूप म्हणजे सा रे ग प ध, पाच स्वरांचा सज्जन राग. मध्यम आणि निषाद वर्ज्य. काळी एकचा भूप पेटीवर वाजवायला सोपा. काळी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी चार, काळी पाच. आता पांढरी चारवरून काळी चारवर जाताना मधे कोण उभं आहे? पांढरी पाच. काळी एकचा तीव्र मध्यम. भूपाच्या घरी ज्याचं नाव काढायचं नाही तो.

माझं बोट घसरलं. ओझरताच धक्का लागला. पांढरी पाच खाली गेली आणि तिने आत मुक्काम केला.

ज्यांनी पेटी वाजवली नाही त्यांना या प्रसंगातली शोकांतिका समजणार नाही. डबल रीड, वर कपलर लावलेला, म्हणजे तिच्याबरोबर खालच्या सप्तकातली तिची बहीणही गेलेली. चार रीड एकदम, अखंड, पंचमाच्या कानाला लागून बोंबलताहेत. उजवा हात वाजवतोय. डावा भात्यावर. पट्टी वर काढायला तिसरा हात हवा, तो देवाने फक्त गणपतीला दिलेला, आणि तो समोर बसून मजा बघतोय. भाता सोडला तर सगळीच पेटी बंद. उजवा काढला तर भूप बंद आणि मध्यम एकटाच चालू, म्हणजे चोराला घर देऊन मालकाने बाहेर पडण्यासारखं. करंगळीचं नख पट्टीखाली घालायचा प्रयत्न केला. नख तुटलं. मध्यम तसाच.

मदतीसाठी मी तबलजीकडे पाहिलं. भुवया उंचावल्या, मानेने पट्टीकडे खूण केली. आता तबलजीच्या भाषेत पेटीवाल्याने भुवया उंचावून मान हलवली तर त्याचा अर्थ एकच, ‘सोड आता.’ गेले सहा महिने त्याला कोणी सोडायला सांगितलं नव्हतं. त्याने बाह्या सरसावल्या आणि लग्गी अशी सोडली की डीजेच्या खोक्यांवर ठेवलेले चहाचे पेले चालायला लागले. ते पाहून बुवांना वाटलं रंग भरतोय. त्यांनी लय वाढवली. साऊंडवाल्यालाही वाटलं रंग भरतोय, त्याने पेटीचा माइक उचलला. आता मध्यम मंडपात राहिला नाही, तो गावाचा झाला. एकोमुळे प्रत्येक मध्यमामागून त्याची तीन मुलं येत होती.

शेवटी मंडळाच्या अध्यक्षांच्या लक्षात आलं. ते स्टेजवर चढले, वाकून म्हणाले, ‘‘काय अडकलंय मास्तर? तेल आणू?’’ खोबरेल तेलाची वाटी घेऊन ते आलेसुद्धा. समईची होती. फुगलेल्या लाकडावर तेल! मी मानेने जोरात नाही म्हटलं. तबलजीने ती मान पाहिली आणि दुगुन धरली.

सुटका झाली ती सरकारमुळे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा 2000 साली आलेला नियम. एरवी आम्ही कलावंत त्याला शिव्या देतो. त्या रात्री दहाला पाच कमी असताना कोणीतरी ‘‘जीप आली, जीप आली’’ म्हणालं आणि बुवांनी समेवर गाणं आणून टेकवलं. मी भाता सोडला. मध्यम हळूहळू आचके देत गेला. खालची बहीण आधी गेली, वरची मागाहून. शांततेत एको तेवढा थोडा वेळ फिरत राहिला.

नारळ, शाल, पाव किलो कुंदा. मी मान खाली घालून पेटीत पेटी भरत होतो. समोर चपला थांबल्या. वर पाहिलं तर हाताची घडी. पुतण्या! टिळकवाडीहून एवढ्या पावसात आलेला. मी मनाशी उत्तर तयार केलं, लाकूड, हवा, नववा दिवस. तो घसा साफ करून म्हणाला, ‘‘मास्तर, आज काकांची आठवण झाली.’’

मी म्हटलं, ‘‘बघा ना, पावसाने...’’

‘‘भूप म्हणून सगळे भूपच वाजवतात हो. तुम्ही त्यात तीव्र मध्यम असा मागे धरून ठेवलात, की भूपाला शुद्ध कल्याणाची छाया पडली. शुद्ध कल्याण म्हणजे चढताना भूपच की! पण हे धाडस करायला कान लागतो. आणि सोडला नाहीत शेवटपर्यंत. मी मुद्दाम बघत होतो, सोडतील, आता सोडतील.’’

मी बुवांकडे पाहिलं. बुवा नारळ हातात घेऊन गंभीरपणे म्हणाले, ‘‘आमचं आधीच ठरलं होतं.’’

तबलजी म्हणाला, ‘‘खुणा चालूच होत्या आमच्या.’’

मीही मग काही बोललो नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा कोणी माझ्या कानाबद्दल बोललं होतं, तेव्हा नखाचा विषय काढावा असं वाटलं नाही. नख दुखत होतं, ते मी शालीत गुंडाळलं.

स्कूटरवर परत येताना रेनकोट मी घातला.

घरी आल्यावर पेटी दोन दिवस चुलीच्या खोलीत ठेवली, पट्टीच्या कडेला बारीक सँडपेपर मारला, मेणबत्ती घासली. पांढरी पाच आता अशी टुणकन वर येते की बोट उडावं. बायकोला उघडझाप करून दाखवली. तीही खूश झाली.

आणि परवा बुवांचा फोन. निपाणीला कार्यक्रम आहे, पुतण्याच्याच ओळखीतून आलाय, पाकीटही बरं देणार आहेत. ‘‘मास्तर, भूप घेऊ या. काळी एक, किंचित वर. आणि तुमचा तो मध्यम असू द्या हं, त्यांनी खास सांगितलंय.’’

बसचं एक जुनं तिकीट चार घड्या घालून पांढरी पाचच्या कडेला खुपसून पाहिलं. धरतं. पाच घड्या केल्या तर सुटतच नाही. सध्या साडेचारवर प्रयत्न चालू आहेत.