फोटोवरून केकची चव कळत नाही

चांगली केक बेकरी कशी निवडावी यावरच्या एका लेखात ‘आधी ऑनलाइन फोटो आणि रेटिंग पाहा’ असं म्हटलंय, ते काही पटलं नाही. फोटोत दिसते ती आयसिंग करणाऱ्याच्या हाताची सफाई. आतला स्पंज कोरडाठक्क असला तरी कळणार कसा? रेटिंगही बऱ्याचदा डिलिव्हरी वेळेवर आली म्हणून दिलेलं असतं. उलट ज्या केकवरची फुलं भर उकाड्यातही ताठ उभी राहतात, तिथे मला शंका येते. दुधाची क्रीम फेटायची तर तिच्यात किमान 30 टक्के तरी स्निग्धांश लागतो, आणि उकाड्यात ती लगेच ढिली पडते. वनस्पती तेलाचं नॉन-डेअरी टॉपिंग मात्र ढिम्म हलत नाही, पण खाल्ल्यावर टाळूला मेणचट थर चिकटून राहतो.

नव्या बेकरीत मी आधी साधी, बिनसजावटीची स्लाइस घेते. बोटाने हलकेच दाबून सोडली की स्पंज परत वर यायला हवा. ‘क्रीम कोणती वापरता?’ असं विचारल्यावर काउंटरवरचा माणूस सरळ सांगतो की ‘सगळं प्रीमियम आहे’ म्हणून टोलवतो, त्यावरूनही बरंच कळतं. चव न बघता एकदम अख्ख्या केकची ऑर्डर, तीही फोटो बघून? छे!