आधी रील, मग मिसळ

मिसळ गरम असतानाच खायची असते, हे कोल्हापुरात जन्मलेल्यांना मी सांगायचं का आता? ताट समोर आलं की चमच्याऐवजी मोबाईल वर! एकाला कट ओततानाचं स्लो मोशन पाहिजे, दुसरा म्हणतो थांब, माझा चेहरा नीट आला नाही, परत ओत. तोवर फरसाणाचा लगदा आणि आम्ही उपाशी. रंकाळ्यावरही तेच. निवांत बसावं तर, "दादा, जरा बाजूला सरका, फ्रेममध्ये येताय." रंकाळा काय तुझ्या नावावर आहे का रे?

पण तेही एक वेळ चालवून घेतलं असतं. डोकं फिरतं ते आमच्या चुलतभावामुळं. एकवीस वर्षांचं पोरगं. फोटोतली बुलेट मित्राची, गॉगल तिसऱ्याचाच, आणि खाली काय तर 'नाद करायचा नाय'. हाच वाघ रात्री एक वाजता मला मेसेज करतो, "दादा, लाईक लई कमी आलेत, काढून टाकू?" आणि काढतोच. पहाटे तालमीत जोर मारणारं पोरगं हे! परवा तांबड्या-पांढऱ्याच्या वाट्या समोर ठेवून कुणाचं तरी पोट मोबाईलवर बघत बसलेलं. म्हणे, "माझ्यात काय दम नाही." अरे, त्यानं श्वास आत ओढून, लाईट लावून शंभर फोटो काढलेत, त्यातला एक तुला दाखवलाय. जेव की गप!

मोजायला दुसरं काही नसलं की माणूस दुसऱ्याशी तुलना करून स्वतःला जोखतो, हे लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्येच मांडलंय. मान्य. पण पूर्वी तुलना गल्लीतल्या पोराशी व्हायची, आणि ते पोरगं नापास झाल्यावर बापाचा मार खातानाही दिसायचं. आता समोरच्याचं फक्त झकपक तेवढं दिसतं, आणि आपलं मात्र सगळंच आपल्याला माहीत.

लाईकचा आकडा लपवायची सोय इन्स्टाग्रामवर २०२१ पासून आहे. दाखवली त्याला. तर म्हणाला, "मग लोकांना कळणार कसं?" घ्या! आणि लोकांपासून लपवला तरी आपल्या पोस्टचा आकडा आपल्याला दिसतोच, म्हणजे रात्रीचं जागरण आहे तिथंच.

रविवारी जोतिबाला जायचं ठरलंय. गाडी माझी, पेट्रोल माझं. वाटेत एकानं जरी "थांबव, इथं बॅकग्राउंड भारी आहे" म्हटलं, तर तिथंच उतरवणार. या मग एसटीनं.