समुद्राला चिकटून जाणारा रस्ता

म्हापशात घर असलेल्या माणसाला पुण्यात मित्र असू नयेत. निदान मे महिन्यात तरी.

विन्याने फोनवरच बजावलं होतं, "हायवेने न्यायचं नाही हं. समुद्राला चिकटून जाणारा रस्ता पाहिजे. उजवीकडे लाटा, डावीकडे माड." मी बरं म्हणालो. गोव्यातला किनाऱ्याचा रस्ता समुद्र सोडून बाकी सगळं दाखवतो, हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

सातला निघायचं ठरलं, साडेनऊला निघालो. सात सीटच्या गाडीत सात माणसं आणि विन्याच्या आईचा चकल्यांचा डबा. डबा डिकीत ठेवला तर चकल्या मोडतात, म्हणून तो काकूंच्या मांडीवर. म्हणजे अर्धा माझ्या बायकोच्या मांडीवर. त्यात सोमवार. आमच्या घरात सोमवारी मासे नाहीत, आणि पाहुणे आलेले माशांसाठी. त्या विषयावर कोणीच बोलत नव्हतं, पण तो गाडीत आठवा प्रवासी होता.

पणजीच्या अटल सेतूवर आलो आणि सहा वर्षांचा चिन्मय ओरडला, "समुद्र!"

"मांडवी," आप्पा म्हणाले. "नदी. इथलाच जुना पूल 5 जुलै 1986 ला कोसळला." विन्याच्या बायकोने पूल संपेपर्यंत डोळे मिटून घेतले. आप्पांना वाटलं, श्रद्धांजली वाहतेय. त्यांनी आवाज खाली आणून पुढची माहिती दिली.

झुआरीच्या नव्या पुलावर पुन्हा, "समुद्र!"

"झुआरी. नदीच."

पुढे कोलवा, बाणावली, वार्का. वेळसांवपासून थेट मोबोरपर्यंत वीसेक किलोमीटर सलग वाळू आहे आणि रस्ताही तिला समांतर जातो. पण दोघांचं नातं वाटणीवरून भांडलेल्या चुलत भावांसारखं आहे: शेजारी राहतील, तोंड बघणार नाहीत. मधे माड, शेतं, रिसॉर्टच्या उंच भिंती. विन्या पुढच्या सीटवर मोबाइल उजव्या खिडकीला लावून तासभर शूटिंग करत होता. नंतर पाहिलं, त्यात बावन्न मिनिटं भिंत होती.

केळशीला फेरीबोट लागली. गाडी चढवताना खालून जो कर्रकन आवाज आला, तो मला अजून अधूनमधून झोपेत येतो. बोट मधोमध पोचली. चारी बाजूंनी पाणी. चिन्मय या वेळी ओरडला नाही. त्याने आधी आप्पांकडे पाहिलं.

"साळ," आप्पा म्हणाले.

असोळण्याला उतरून बेतूलच्या पुढे चढ लागला आणि रस्ता खरोखर देखणा झाला. वळणामागून वळण, काजूची झाडं, तापलेला सडा. पण तोवर विन्याची बडबड थांबली होती. विन्या गप्प बसला की एकच अर्थ असतो, हे मला कॉलेजच्या सहलींपासून माहीत आहे. "पिशवी!" मी ओरडलो. पिशवीत सोलकढीची बाटली होती. काकूंनी क्षणाचाही विचार न करता डब्यातल्या चकल्या पदरात ओतल्या आणि डबा पुढे दिला. आईच ती! पुढचे आठ किलोमीटर झाकण घट्ट दाबून धरायचं काम माझ्या बायकोकडे होतं. चकल्या काकूंनी सगळ्यांना वाटल्या, पण कोणी घेतल्या नाहीत.

काब दे रामला पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. डोक्यावर ऊन, पोटात खड्डा. आप्पांना मात्र हुरूप आला. सौंद्याच्या राजाकडून हा किल्ला पोर्तुगीजांनी 1763 मध्ये घेतला, त्याआधी वनवासात राम इथे राहिला म्हणतात, म्हणून हे नाव.

"चौदा वर्षांत तोही या वळणांवरून एकदाच आला असेल," काकू म्हणाल्या.

"आणि 1955 पर्यंत आत तुरुंग होता," आप्पा म्हणाले.

"कैद्यांना पाय तरी पसरता येत असतील," मागच्या सीटवरून उतरता उतरता माझी बायको.

तटावर गेलो. खाली काळे कडे, आणि तिथून आभाळापर्यंत निळंशार पाणी. सगळे गप्प. विन्याने मोबाइल काढला, तर बॅटरी संपलेली.

चिन्मयने बराच वेळ ते सगळं पाहून घेतलं. मग आप्पांचा हात ओढत म्हणाला, "आजोबा, ही कुठली नदी?"