फ्रिजवरच्या चुंबकाने हार्ड डिस्क पुसली जात नाही

परवा मामांचा फोन. "अगं, जुना कॉम्प्युटर भंगारात देतोय. चुंबक दहा मिनिटं फिरवलंय, आतलं सगळं गेलं." आत काय होतं? आयकराचे कागद, पॅन-आधारचे स्कॅन, मामींचं पासबुक. भंगारवाल्याला थांबवायला लावून मी डिस्क घरी आणली.

हे ज्ञान फॅमिली ग्रुपवरच्या मेसेजमधून आलं. त्यात म्हटलंय: चुंबक जवळ आलं की लॅपटॉप, पेन ड्राइव्ह, एटीएम कार्ड सगळं पुसलं जातं; म्हणून जुना कॉम्प्युटर देण्याआधी त्यावर चुंबक फिरवा. यातला शेवटचा सल्ला सर्वांत घातक, म्हणून आधी तोच.

हार्ड डिस्कच्या तबकडीवर कोबाल्ट-क्रोमियम-प्लॅटिनमच्या मिश्रधातूचा थर असतो, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. पातळ म्हणजे नाजूक नव्हे! माहिती थरातल्या चुंबकीय कणांच्या दिशेत लिहिलेली असते; हे कण फार लहान केले की नुसत्या उष्णतेनेही त्यांची दिशा फिरू शकते, म्हणून हे थर मुद्दाम हट्टी बनवले जातात. 2001 मध्ये आयबीएमने दोन चुंबकीय थरांमध्ये रुथेनियमचा जेमतेम तीन अणूंच्या जाडीचा थर घातला. त्यामुळे वरचा आणि खालचा थर उलट दिशांनी एकमेकांना धरून ठेवतात आणि नोंद टिकते. आजच्या तबकडीवरची नोंद उलटवायला साधारण 0.5 टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) क्षेत्र लागतं. फ्रिजवरचं चपटं चुंबक 0.01 टेस्लाच्या आसपास, तेही अगदी चिकटून. डिस्कच्या कवचाबाहेरून ते काय पुसणार?

माझ्याकडची एक बिघडलेली डिस्क मामांसमोर उघडली. कोपऱ्यात हेडचा, म्हणजे माहिती वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाचा, हात हलवणारी निओडिमियमची दोन चुंबकं, तबकडीपासून बोटभरही लांब नाहीत. एक स्क्रूड्रायव्हरला चिकटलं ते मामांना जोर लावून ओढावं लागलं. त्यांच्यामागच्या पोलादी पट्ट्या बरंचसं क्षेत्र आतच धरून ठेवतात, हे मान्य. पण इतकी जोरदार चुंबकं कारखान्यातूनच आत बसून येतात आणि डेटा वर्षानुवर्षं शाबूत राहतो.

डिस्क चुंबकाने पुसायचीच तर डिगॉसर नावाचं खास यंत्र लागतं. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेची 800-88 ही मार्गदर्शिका सांगते की तो डिगॉसरही त्या डिस्कला पुरेल इतक्या ताकदीचा हवा, आणि फ्लॅश मेमरीसाठी डिगॉसिंगवर भिस्त ठेवू नये.

फ्लॅश मेमरी म्हणजे पेन ड्राइव्ह आणि एसएसडी (नव्या लॅपटॉपमधली तबकडी नसलेली डिस्क) यांतली चिप, त्यामुळे त्यांचा प्रश्न इथेच मिटला. त्यांत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते, चुंबकाचा संबंधच नाही.

एटीएम कार्डाचं अर्धं खरं, मान्य करावं लागेल. मागची काळी पट्टी जोरदार चुंबकाने बिघडू शकते, हॉटेलच्या किल्लीकार्डाची तर सहजच. चिपला काही होत नाही. फ्लॉपीच्या काळात ही भीती रास्त होती, मेसेजचं मूळ बहुधा तिथलंच.

मामांच्या डिस्कवर आज रात्री पूर्ण ओव्हरराइट लावलंय, म्हणजे जुन्या माहितीवर सगळीकडे नवं काहीतरी लिहून ती झाकणं. ते तपासून झालं की मगच ती भंगारात जाईल. तुमच्या घरी कुणी चुंबक फिरवून डिस्क दिली असेल, तर आजच बँकेचे पासवर्ड बदला.